लाल पिक्सेलला परतीची वाट ठेवा

उपग्रह प्रतिमांवरून काँक्रीटखाली गेलेल्या मातीचे आणि बांधकाम साहित्याच्या साठ्याचे नकाशे करणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

आपली ओळख आहे ती तुमच्या नकाशांमधूनच. शहर नियोजनासाठी जमिनीची माहिती जुळवणे हे माझे काम. त्यामुळे दिवसातला बराच वेळ मी तुम्ही तयार केलेले थर उघडून बसलेली असते. कुठली माती डांबराखाली गेली, कुठे फरशी आली, कुठे एकावर एक मजले चढले, हे मी तुमच्याच डोळ्यांनी पाहते. लँडसॅट या अमेरिकी मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला आणि २००८ मध्ये त्या मालिकेच्या प्रतिमांचा सगळा संग्रह सर्वांसाठी मोफत खुला झाला. सेंटिनेल-२ या युरोपीय मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये गेला. तेव्हापासून १० मीटरची प्रतिमा, म्हणजे जिचा एकेक पिक्सेल (चौकोनी ठिपका) जमिनीवर १० बाय १० मीटरचा असतो अशी, दर पाच दिवसांनी मिळू लागली. या सगळ्यातून उपयोगी नकाशा काढायला किती कष्ट पडतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तक्रार मांडण्याआधी मनापासून आभार मानते.

तक्रार एका आवाराची आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या आवारातली फरसबंदी काढून तिथली जमीन मोकळी करण्याच्या कामात मी होते. जागा सुमारे ६०० चौरस मीटर. आधी पेव्हर ब्लॉक निघाले, मग त्याखालची वाळू खरवडली, मग खडीचा दाबून बसवलेला थर लागला. तो पहारीने हलेना, शेवटी यंत्र आणावे लागले. त्या खडीखाली माती होती. करडी, निळसर झाक असलेली, घट्ट बसलेली. ढेकूळ फोडून नाकाजवळ नेले तर कुबट वास आला. हवा पोचली नाही की मातीतल्या लोहाचे रूप बदलते आणि तिचा तांबूस रंग जातो, हे मी शिकले होते. ते ढेकूळ हातात घेईपर्यंत त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता. त्यात एक गांडूळ नव्हते, मुळाचा एक धागा नव्हता.

बाहेर काढलेल्या साहित्याचा आम्ही हिशेब केला. ब्लॉक, वाळू आणि खडी मिळून चौरस मीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे एकूण ३९० टन. पंधरा टनांचा एक ट्रक धरला तर २६ खेपा. ब्लॉक जवळजवळ सगळे धड निघाले आणि दुसरीकडे पुन्हा वापरले गेले. खडीही एका रस्त्याच्या पायात गेली. खालची माती मात्र लगेच सुधारली नाही. ती खोलवर भुसभुशीत करावी लागली, त्यात कंपोस्ट मिसळावे लागले. पहिल्या पावसात पाणी वर साचूनच राहिले. दुसऱ्या वर्षी ते जिरू लागले. ६०० चौरस मीटरवर २० मिलिमीटर पाऊस पडला की १२,००० लिटर पाणी होते. पूर्वी हे सगळे पाणी थेट गटारात जायचे. आता त्यातले बरेचसे तिथेच मुरते.

मग तुमच्यापैकी एका गटाच्या नकाशाची नवी आवृत्ती आली. मी मोठ्या उत्सुकतेने ती जागा शोधली. आवार लालच, म्हणजे झाकलेलेच होते, आधीच्याच गडद लाल रंगात.

आधी वाटले, जागाच लहान आहे. १० मीटरच्या जाळीत ६०० चौरस मीटरचे आवार नेमके बसत नाही. कडेचे पिक्सेल शेजारच्या छपरांत आणि रस्त्यात मिसळतात आणि पूर्ण आत असे दोनच पिक्सेल उरतात. पण त्या दोघांवर तर गवत होते! प्रतिमेतले जवळ-अवरक्त पट्ट्याचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे आकडे मी स्वतः काढून पाहिले. हिरव्या पानांमुळे ते चढलेले स्पष्ट दिसत होते. म्हणून नकाशा प्रसिद्ध करणाऱ्यांना लिहिले. उत्तर सौजन्याने आले आणि खरेही होते. पद्धतीतच असा नियम होता की जो पिक्सेल एकदा बांधलेला ठरला, तो पुढच्या सगळ्या वर्षांत बांधलेलाच धरायचा.

हा नियम का घालतात, हे मला समजते. कोरड्या दिवसांत उघडी जमीन काँक्रीटसारखी चमकते. नांगरलेले शेत एका प्रतिमेत इमारतीसारखे दिसते, दुसरीत दिसत नाही. रस्त्यावर झाडांचा विस्तार आला की उपग्रहाला डांबर दिसत नाही, नुसती पाने दिसतात. दर वर्षाची प्रतिमा वेगळी वर्गीकृत केली तर शहर दरवर्षी थोडे गायब होते आणि पुन्हा उगवते, आणि असा लुकलुकणारा नकाशा कोणीच वापरणार नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे उलट जाण्याची वाटच बंद करणे. शहरे वाढतात, क्वचितच आक्रसतात, त्यामुळे या नियमाने एकूण अचूकता वाढलेलीच दिसते. जगभरच्या वस्तीचा दशकानुदशकांचा विस्तार दाखवणाऱ्या कित्येक थरांत हे गृहीतक या ना त्या रूपात आहे.

पण या गृहीतकाचा परिणाम काय होतो, याचा नीट विचार व्हावा असे मला वाटते. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्येय ठेवले की २०५० पर्यंत जमीन व्यापण्याचा निव्वळ वेग शून्यावर आणायचा. फ्रान्सने २०२१ च्या हवामान कायद्यात हेच २०५० साठी लिहिले आणि कायद्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत वेग आधीच्या दहा वर्षांच्या निम्मा करायचे ठरवले. या दोन्हींतला ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निव्वळ म्हणजे झाकलेल्यातून उघडलेले वजा करायचे. ज्या नकाशात उघडलेले कधी नोंदलेच जात नाही, त्यावर ही वजाबाकी कशी करणार? एखाद्या नगरपालिकेने दहा वाहनतळ उखडून झाडे लावली आणि दुसरीने काहीच केले नाही, तर तुमच्या नकाशावर दोघी सारख्याच दिसतात. मग पहिलीला पुढच्या वर्षी निधी कशाच्या आधारे द्यायचा? बैठकीत नकाशा समोर ठेवून बसणाऱ्या माणसाला मोजमाप दिसत नसेल, तर त्याच्या लेखी ते काम झालेलेच नसते.

माझी पहिली आणि मुख्य मागणी त्यातून येते. लाल पिक्सेलला परतीची वाट ठेवा. त्यासाठी संशयाला जागा देणारी पद्धत वापरता येईल. एका प्रतिमेवरून निकाल देऊ नका, दोन-तीन हंगामांच्या मालिकेवरून द्या. सलग काही वर्षे वाढीच्या काळात हिरवाई टिकली आणि छपराची किंवा फरशीची चमक परतली नाही, तर ‘बहुधा उघडलेले’ असा तिसरा वर्ग काढा. तो वर्ग चुकीचा ठरला तरी चालेल, पण तो दिसू द्या. त्याची खात्री जमिनीवर जाऊन करणारी माणसे आम्ही आहोतच.

आता दुसऱ्या नकाशाकडे येते, साठ्याच्या, म्हणजे इमारती आणि रस्त्यांत बसलेल्या साहित्याच्या.

मातीच्या काँक्रीटीकरणाचा नकाशा आणि बांधकाम साहित्याच्या साठ्याचा नकाशा वेगवेगळ्या गटांकडून येतात. वेगळी जाळी, वेगळे वर्ष, वेगळा रंगपट, बहुतेकदा वेगळी परिषदसुद्धा. पण जमिनीवर या दोन्ही गोष्टी एकच आहेत. माती झाकली जाते ती कशाने तरी, आणि ते जे काही आहे ते वजनदार असते. आमच्या आवारात माती उघडणे म्हणजे ३९० टन साहित्य उचलणे होते. म्हणून हे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवल्याशिवाय ‘ही जागा उघडता येईल का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दोन पिक्सेल घेऊ, दोन्ही १० बाय १० मीटरचे, दोन्ही शंभर टक्के झाकलेले. पहिल्यावर डांबरी वाहनतळ आहे. १० सेंटिमीटर डांबर, खाली ३० सेंटिमीटर खडी, म्हणजे चौरस मीटरला आठशे-साडेआठशे किलो आणि पिक्सेलभर साधारण ८० टन. दुसऱ्यावर दहा मजली इमारत आहे. प्रबलित काँक्रीटच्या बांधकामात मजल्याच्या चौरस मीटरला ढोबळमानाने एक टन किंवा त्याहून जास्त साहित्य लागते, म्हणजे हजार टन तरी. काँक्रीटीकरणाच्या नकाशात या दोघांना एकच गडद लाल रंग मिळतो. पहिल्या पिक्सेलवर रात्री कोणी राहत नाही, दुसऱ्यावर काही कुटुंबे राहतात. पहिला पिक्सेल काही दिवसांत उघडता येतो. दुसरा उघडायचा म्हणजे लोकांची घरे पाडायची, आणि ते कोणी सुचवतही नाही. आधी कुठे हात घालायचा हे ठरवायला याहून उपयोगी माहिती मला सुचत नाही: माती पूर्ण झाकलेली, वरचे वजन कमी, वापर तुरळक. ही तीन वाक्ये एकाच नकाशावर वाचता आली पाहिजेत.

उलट दिशेनेही हे लागू आहे. एक इमारत पाडून तिथेच दुसरी, दुप्पट उंच इमारत उभी राहते. काँक्रीटीकरणाच्या नकाशात काहीच बदलत नाही, शंभर टक्के होते ते शंभर टक्केच राहते. त्या दरम्यान शेकडो टन राडारोडा ट्रकांतून कुठेतरी गेला, कदाचित एखाद्या खोलगट ओल्या जमिनीत भराव म्हणून पडला, आणि हजारो टन नवी वाळू, खडी, सिमेंट आले. तो भराव जिथे पडला, तिथलीही माती झाकली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. ती नदीपात्रांतून आणि खाणींतून निघते, म्हणजे तीही कुणाची तरी जमीनच असते. साठ्याचा नकाशा नसेल, तर ही सगळी हालचाल नजरेआड राहते.

हा साठा केवढा झाला आहे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खरे वाटले नव्हते. १९०० ते २०१० या काळात जगभरच्या वापरातल्या साहित्याचा साठा तेवीस पटींनी वाढून जवळजवळ ८०० अब्ज टनांवर गेला, असे संशोधक फ्रिडोलिन क्राउसमान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की माणसाने बनवलेल्या वस्तूंचे वजन त्या वर्षाच्या आसपास पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या कोरड्या वजनाएवढे, सुमारे १.१ लाख कोटी टन झाले. त्यांनी फरकाची मर्यादाही सांगितली, सहा वर्षे अलीकडे किंवा पलीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण साधारण तीन टक्के होते. आकडा छापताना त्याची मर्यादा शेजारीच छापायची, ही त्या गटाची रीत मला फार आवडली. तुमच्या नकाशांत तीच हवी आहे.

कारण साठ्याचा नकाशा हा अंदाजांच्या उतरंडीवर उभा असतो, आणि वाचणाऱ्याला ती उतरंड दिसत नाही. ऑस्ट्रिया आणि जर्मनीसाठी २०२१ मध्ये १० मीटर जाळीवर असे नकाशे आले. त्यासाठीची उंची काढताना सेंटिनेल-१ चे रडार आणि सेंटिनेल-२ च्या प्रतिमा यांच्या मालिकांचा आधार होता. रडारचा किरण जमिनीवर आणि भिंतीवर असा दोनदा आपटून परततो, इमारतीची सावली हंगामाप्रमाणे लांब-आखूड होते, आणि अशा खुणांवरून संगणक उंची शिकतो. विलक्षण काम आहे ते. पण पुढची पायरी पाहा. उंची आणि क्षेत्रफळावरून घनफळ येते आणि घनफळाला ‘या प्रकारच्या इमारतीत घनमीटरला इतके किलो काँक्रीट, इतकी वीट, इतके पोलाद’ या आकड्याने गुणले जाते. इमारतीचा प्रकार आणि बांधकामाचा काळ ओळखण्यात चूक झाली, तर लाकडी सांगाड्याच्या घराला काँक्रीटचे वजन चिकटते. उंचीत एका मजल्याची चूक झाली तर वीस मजल्यांच्या इमारतीत पाच टक्क्यांचा फरक पडतो, दोन मजल्यांच्या घरात पन्नास टक्क्यांचा. आणि बैठी, पसरट वस्ती हीच तर माती सर्वात जास्त झाकते! जिथे निर्णय घ्यायचा असतो, तिथेच चूक मोठी असते. शिवाय तळघरे, पाया, जमिनीखालचे नळ उपग्रहाला दिसतच नाहीत.

अनिश्चितता वेगळ्या तांत्रिक अहवालात, शेवटच्या पानांवर ठेवू नका. ती रंगातच आणा. जिथे खात्री कमी, तिथे रंग फिका करा. जिथे इमारतीचा प्रकार अंदाजाने धरला, तिथे रेघा मारा. नकाशा थोडा कुरूप दिसेल. चालेल. मी अशा बैठकांना बसले आहे जिथे एखादा झळाळता नकाशा पडद्यावर आला की प्रश्न विचारणेच थांबते. फिकट पट्टे दिसले तर निदान कोणी विचारेल की इथे काय झाले आहे.

रंगांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. इंद्रधनुषी रंगपट अजूनही भेटतो. त्यात पिवळ्याशी डोळा उगाच अडखळतो आणि नसलेली सीमा दिसू लागते. लाल-हिरव्याचा फरक न दिसणारे लोक आपल्यात आहेत आणि झाकलेली माती लाल, मोकळी हिरवी हा तुमचा आवडता जोडरंग त्यांना निरुपयोगी आहे. मीही या पत्रात सवयीने लालच म्हणते आहे. आणि टनांचे नकाशे वेबवरच्या नेहमीच्या मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या त्या पद्धतीत, दाखवू नका. साठाव्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ चौपट दिसते. चौरस मीटरमागचे वजन दाखवायचे आणि चौरस मीटरच चुकीचे ठेवायचे, हे बरोबर नाही.

एका गोष्टीवर तुमच्यापैकी काही जणांशी माझा वाद होईल. ‘टक्के’ हे एकक जाऊन ‘काय आहे’ हे आले पाहिजे, असे मला वाटते. संशोधक मेरिल रिड यांनी १९९५ मध्ये शहरी जमीन वनस्पती, अभेद्य (पाणी न जिरू देणारा) पृष्ठभाग आणि माती या तीन घटकांत मांडली आणि तेव्हापासून अभेद्य म्हणजे एकच पेटी झाली. त्या पेटीत छप्पर, डांबर, फरशी, दाबून बसवलेले खडीचे मैदान सगळे एकत्र कोंबलेले असते. सांध्यांतून पाणी जिरू देणारी फरशी आणि सलग काँक्रीट हे मातीच्या दृष्टीने वेगळे आहेत. १० मीटरच्या प्रतिमेतून हे सगळे ओळखता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग उपग्रहाला जे येते ते उपग्रहाकडून घ्या आणि उरलेले पालिकांच्या परवानगीच्या नोंदींतून, रस्त्यांच्या नोंदींतून. २००९ मध्ये हिरोकी तानिकावा आणि सेइजी हाशिमोतो यांनी मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये आणि जपानच्या वाकायामामध्ये जुने नकाशे कालक्रमाने रचून इमारती कधी आल्या, कधी गेल्या आणि किती साहित्य मागे ठेवून गेल्या ते काढले होते. दोन छोट्या भागांचे काम होते ते, पण त्यात जाणाऱ्या इमारतीलाही जागा होती.

नवीन उपग्रहाची वाट पाहण्याचे कारण नाही. जाळी एकच ठेवा, वर्ष एकच ठेवा. एका पिक्सेलवर किती माती झाकली आणि त्यावर किती टन आहे, हे दोन आकडे शेजारी-शेजारी द्या, त्यांची मर्यादा द्या, आणि नुसते चित्र न देता मूल्ये उतरवून घेता येतील असे करा. आणि पिक्सेल जसा बांधलेला होऊ शकतो, तसा तो पुन्हा मोकळाही होऊ शकतो, हे तुमच्या नियमांत लिहा.

त्या आवाराची सगळी मोजमापे माझ्याकडे आहेत: फरसबंदी काढल्याच्या तारखा, प्रत्येक थराची जाडी, बाहेर गेलेल्या ट्रकांची नोंद, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, पुढच्या दोन पावसाळ्यांतले पाणी जिरण्याचे आकडे आणि दर महिन्याचे छायाचित्र. हे सगळे तुमच्यापैकी जो गट मागेल त्याला मी पाठवीन, तपासणीचा एक बिंदू म्हणून. अशी माहिती असलेली इतर माणसेही मला माहीत आहेत. त्यांना विचारून आणखी बिंदू जमवायची माझी तयारी आहे. पुढच्या आवृत्तीत त्या दोन पिक्सेलांचे काय होते, ते मी पाहणार आहे.

आपली,
तुमच्या नकाशांची रोजची वाचक